टप्पा पडण्याआधी: फोरहँड-बॅकहँडच्या सातत्यासाठी केलेल्या सरावाची नोंद

टेनिसच्या या हंगामासाठी मी एकच उद्दिष्ट ठेवले होते. फटक्यांचा वेग वाढवायचा नाही, नवा फटका शिकायचा नाही. आहे तोच फोरहँड आणि आहे तोच दोन हातांचा बॅकहँड प्रत्येक वेळी सारख्या लयीत मारता यावा, एवढेच. पुण्यात मातीच्या कोर्टावर खेळणाऱ्यांचे वर्ष दसऱ्याच्या आसपास सुरू होते, कारण पावसाळ्यात ही कोर्टे बंद असतात आणि पाऊस ओसरल्यावर नवी माती टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून, फक्कीने रेषा आखून ती खेळण्याजोगी होईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंतच्या सरावात जे हाती लागले ते येथे मांडत आहे. आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी तासभर खेळणाऱ्या आणि दिवसाचा उरलेला वेळ नोकरी-व्यवसायात घालवणाऱ्या खेळाडूंना ते पडताळून पाहता येईल.

आधी सातत्य इतके अवघड का असते, ते पाहू. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर आहे. रॅकेटवरून सुटलेल्या चेंडूची दिशा केवळ एका अंशाने बदलली, तर समोरच्या बेसलाइनपर्यंत (कोर्टाच्या टोकाच्या रेषेपर्यंत) पोहोचताना तो सुमारे ४० सेंटीमीटर बाजूला सरकलेला असतो. चेंडू आणि तारा यांचा स्पर्श सेकंदाच्या जेमतेम दोनशेव्या भागाएवढा टिकतो, म्हणजे त्या क्षणी हाताने काही दुरुस्ती करणे शक्यच नसते. जे काही ठरायचे ते त्याआधी ठरलेले असते. म्हणूनच सातत्याचा प्रश्न हा मनगटाचा किंवा दंडाचा नसून वेळेचा आहे, असे माझे या हंगामानंतरचे ठाम मत झाले आहे. क्लबच्या पातळीवरील रॅलीत एका बेसलाइनवरून दुसऱ्या बेसलाइनपर्यंत यायला चेंडूला साधारण दीड सेकंद लागतो. त्या दीड सेकंदातील पहिला अर्धा भाग आपण कसा वापरतो, यावर फटक्याचा गुळगुळीतपणा अवलंबून असतो.

आमच्या क्लबचे मार्कर (सभासदांसोबत खेळून त्यांना सराव देणारे) वयाने साठीच्या पुढचे आहेत आणि बोलतात फार थोडे. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यासोबत पहिल्यांदा रॅली केली तेव्हा त्यांनी मला थांबवून एवढेच सांगितले, “साहेब, टप्पा पडायच्या आत रॅकेट मागे गेली पाहिजे. टप्पा पडल्यावर फक्त मारायचं. तेव्हा मागे न्यायची म्हटली, की घाई होणारच.” पुढचे काही आठवडे आम्ही दुसरे काहीच केले नाही. समोरच्याच्या रॅकेटला चेंडू लागताना दोन्ही पायांवर छोटीशी उडी, चेंडू कोणत्या बाजूला येतो ते कळताच खांद्यांचे वळण, आणि टप्पा पडेपर्यंत रॅकेट तयार, हा क्रम अंगात मुरेपर्यंत सराव झाला. चेंडू जमिनीला लागला की मोठ्याने ‘टप्पा’ म्हणायचे आणि आपल्या तारांना लागला की ‘फटका’ म्हणायचे, हा जुना उपाय त्यासोबत चालू ठेवला. त्याचा गुण असा, की दोन शब्दांमधील अंतर कानांना ऐकू येते. तयारी वेळेवर झाली असेल तर ते अंतर मोकळे वाटते, आणि उशीर झाला असेल तर दोन्ही शब्द एकमेकांवर आदळतात.

खांद्यांच्या वळणाबाबत एक बारकावा येथे सविस्तर सांगितला पाहिजे, कारण माझ्या फोरहँडमध्ये सर्वांत मोठा फरक त्यानेच पडला. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा हात रॅकेटच्या मानेवर, म्हणजे मूठ आणि डोके यांच्या मधल्या भागावर, ठेवलेला असतो. चेंडू फोरहँडला येतो आहे हे कळल्यावर तो हात लगेच सोडून दिला, तर उजवा हात एकटाच मागे जातो, धड समोर तोंड करून राहते आणि मग फटका केवळ हाताच्या जोरावर मारावा लागतो. तोच डावा हात आणखी क्षणभर मानेवरच राहू दिला, तर रॅकेट मागे नेण्यासाठी खांदे वळवण्यावाचून गत्यंतरच राहत नाही. वळण पुरे झाल्यावर डावा हात सुटतो, येणाऱ्या चेंडूच्या दिशेने बाजूच्या रेषेला समांतर पसरतो आणि शरीराचा तोल राखतो. आरशासमोर चेंडूशिवाय हे सावकाश करून पाहिले की पोटाच्या तिरप्या स्नायूंवर येणारा ताण स्पष्ट जाणवतो. तो ताण जाणवला तरच वळण झाले, असे समजावे.

दुसरी गोष्ट पकडीची. रॅकेट घट्ट धरली की मनगट आणि कोपर ताठरतात, रॅकेटचे डोके मागे पडत नाही आणि झोक (रॅकेटची मागून पुढे येणारी फिरत) मध्येच तुटतो. एक ते दहा अशी पकडीची मोजणी मनाशी धरली, तर चेंडूची वाट पाहताना ती तीनच्या आसपास असावी आणि स्पर्शाच्या वेळी आपोआप जेवढी वाढेल तेवढी वाढू द्यावी. यात एक व्यवहाराची अडचण असते. घामाने ग्रिप ओली झाली की ती निसटू नये म्हणून बोटे नकळत आवळली जातात, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर हे घडतेच. म्हणून चिकट पृष्ठभागाच्या ओव्हरग्रिपऐवजी (मुठीवर गुंडाळायच्या पट्टीऐवजी) घाम शोषून घेणारी कोरडी ओव्हरग्रिप वापरू लागलो आणि ती काळवंडण्याची वाट न पाहता बदलू लागलो. कोकणातील दमट हवेत खेळणाऱ्यांनी तर याकडे अधिकच लक्ष द्यावे.

सराव कशाने सुरू करावा, याविषयी माझे मत आग्रही आहे. बालेवाडीला २०१८ पासून काही वर्षे महाराष्ट्र ओपन ही एटीपी, म्हणजे व्यावसायिक पुरुष खेळाडूंची, स्पर्धा होत असे. तेव्हा मुख्य कोर्टाइतकाच मी बाजूच्या सराव कोर्टांपाशी रेंगाळलो आहे. जगभर फिरून खेळणारे व्यावसायिक खेळाडूसुद्धा सुरुवातीला सर्व्हिस लाइनच्या (नेट आणि बेसलाइन यांच्या मधल्या रेषेच्या) आसपास उभे राहून हलक्या हाताने चेंडू एकमेकांकडे देतात, आणि त्यातही त्यांचे खांदे पूर्ण वळतात, पाय सतत हलतात, झोक शेवटापर्यंत जातो. आपल्याकडे क्लबात आल्याबरोबर बेसलाइनवर जाऊन पहिलाच चेंडू पूर्ण ताकदीने मारण्याची घाई असते. लहान कोर्टावरच्या दहा मिनिटांत चेंडूचा स्पर्श शरीराच्या पुढे होतो की नाही, डोके स्थिर आहे की नाही, हे जसे कळते तसे बेसलाइनवरून कळत नाही. फेडररच्या छायाचित्रांत फटका मारून झाल्यावरही त्याची नजर स्पर्शाच्या जागीच खिळलेली दिसते. ते अनुकरण पहिल्यांदा करून पाहायचे असेल, तर याच दहा मिनिटांत करावे.

नोव्हेंबरमध्ये मार्करांनी नेटच्या दोन्ही खांबांना बांबूचे तुकडे उभे बांधले आणि नेटच्या पट्टीच्या साधारण मीटरभर वर नायलॉनची दोरी ताणली. प्रत्येक चेंडू त्या दोरीच्या वरून गेला पाहिजे आणि सर्व्हिस लाइन व बेसलाइन यांच्यामधील १८ फुटांच्या पट्ट्यात पडला पाहिजे, एवढाच नियम. पहिल्या काही सकाळी चेंडू दोरीखालून तरी जात होते किंवा बेसलाइनपल्याड तरी पडत होते. दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर चेंडूला टॉपस्पिन द्यावाच लागतो, हे त्यातून शरीरालाच उमगले. रॅकेट खालून वर जाताना चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी मिळते, फिरत्या चेंडूवर हवेचा दाब वरून अधिक पडतो आणि तो उंचावरून जाऊनही कोर्टात उतरतो. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. त्यासाठी मनगट फिरवण्याची गरज नसते. चेंडूला स्पर्श होण्याआधी रॅकेटचे डोके चेंडूच्या उंचीखाली उतरलेले असले आणि शेवटी कोपर खांद्याच्या उंचीला आले, की फिरकी आपोआप मिळते.

याच काळात रॅलीची दिशाही ठरवून टाकली. क्रॉसकोर्ट, म्हणजे कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्याकडे, खेळताना चेंडू नेटच्या मधल्या भागावरून जातो, जेथे उंची ९१.४ सेंटीमीटर असते. खांबांपाशी ती १.०७ मीटर असते. शिवाय एकेरीच्या कोर्टाची लांबी सरळ रेषेत ७८ फूट, तर कोपऱ्यातून कोपऱ्यात सुमारे साडेब्याऐंशी फूट भरते. नेट खाली आणि जागा जास्त, असे दोन्ही फायदे ज्या दिशेला आहेत ती सोडून रॅलीत सरळ रेषेचा मोह का धरावा? आम्ही अर्धा वेळ फोरहँड क्रॉसकोर्ट आणि अर्धा वेळ बॅकहँड क्रॉसकोर्ट असा ठेवला. डिसेंबर संपेपर्यंत फोरहँडच्या बाजूने वीसच्या पुढे जाणाऱ्या रॅली नेहमीच्या झाल्या होत्या.

बॅकहँड मात्र मागे राहिला होता, आणि त्याचे कारण उजव्या हातात होते. दोन हातांच्या बॅकहँडमध्ये उजव्या खेळाडूचा डावा हातच मुख्य काम करतो. तो खरे तर डाव्या हाताचा फोरहँडच असतो. उजवा हात ओढू लागला की रॅकेटचे तोंड उघडते आणि चेंडू तरंगत जातो. जानेवारीत रोज लहान कोर्टावर पाच-दहा मिनिटे मी केवळ डाव्या हाताने, मूठ नेहमीपेक्षा वर धरून, फोरहँड मारत राहिलो. नंतर उजवा हात कॉन्टिनेंटल पकडीने (हातोडी धरल्यासारख्या पकडीने) खाली फक्त ठेवला. फेब्रुवारीच्या मध्यापासून बॅकहँडचा आवाज बदलला. पूर्वीचा थापेसारखा आवाज जाऊन तारांचा स्वच्छ ठोका ऐकू येऊ लागला, आणि बाजूच्या कोर्टावरच्या काकांनी तो न पाहताच ओळखला.

साधनांविषयी थोडक्यात. माझी रॅकेट ३०० ग्रॅमची, १०० चौरस इंच डोक्याची आहे आणि ती बदलली नाही. गटिंग, म्हणजे तारांची जोडणी, मात्र बदलले. पॉलिएस्टर तारेवर ५४ पौंडांचा ताण होता; त्याऐवजी मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची मऊ) तार ५० पौंडांवर लावून घेतली. मऊ तारांमुळे चेंडू खोल जाण्यासाठी जोर लावावा लागत नाही, आणि जोर लावावा लागला नाही तर झोक सावकाश ठेवता येतो. जे खेळाडू तारा तुटेपर्यंत पॉलिएस्टर वापरतात त्यांनी कोपराची काळजी म्हणून तरी हा विचार करावा, कारण ती तार तुटण्याच्या पुष्कळ आधी निर्जीव झालेली असते. चेंडूंचेही तसेच. डबा उघडल्यावर आतील दाब हळूहळू कमी होत जातो आणि दाब गेलेला चेंडू मारताना आपण न कळत जास्त ताकद लावू लागतो. जुने चेंडू बास्केटमधून दिलेल्या सरावाला चालतील, रॅलीच्या सरावाला शक्यतो नवेच घ्यावेत.

हवामानाचा परिणाम आपण समजतो त्याहून मोठा असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. उंच ठिकाणांसाठीचे वेगळे चेंडू नियमांनुसार १,२१९ मीटरच्या वरच वापरले जातात, त्यामुळे आपण नेहमीच्याच चेंडूंनी खेळतो; पण हवा मुंबईपेक्षा विरळ असल्याने तोच फटका येथे थोडा लांब जातो. मुंबईला नातेवाइकांकडे गेल्यावर तेथे खेळलो की माझे चेंडू सर्व्हिस लाइनपाशीच पडू लागतात. जानेवारीच्या थंड सकाळी, दवाने ओलावलेली माती चेंडूच्या लोकरीला चिकटते, चेंडू जड होतो आणि टप्पा गुडघ्याच्या जेमतेम वर येतो. एप्रिलमध्ये तोच टप्पा छातीपर्यंत उसळतो. अशा वेळी झोक बदलण्याचा मोह टाळायचा आणि फक्त लक्ष्याची उंची बदलायची, हे मी पाळत आलो आहे. थंडीत दोरीच्या बरेच वरून, उन्हाळ्यात दोरीला लागून.

मार्कर नसतात त्या दिवशी मी भिंतीवर सराव करतो. भिंतीची एक मर्यादा अशी, की चेंडू लगेच परत येतो आणि तयारीला मिळणारा वेळ निम्म्यावर येतो. एक टप्पा घेऊन खेळले तर घाईची सवय लागते. म्हणून भिंतीपासून दूर उभे राहून दोन टप्प्यांनंतर चेंडू मारावा, आणि भिंतीवर नेटच्या उंचीची रेघ असतेच, तिच्या हातभर वर खडूने दुसरी रेघ ओढून घ्यावी.

सामन्यांत याचा कितपत उपयोग झाला, असे कोणी विचारेल. क्लबातील दुहेरीत तो मुख्यतः सर्व्हिसच्या परतफेडीत दिसला. समोरचा खेळाडू नेटवर उभा असताना क्रॉसकोर्ट परतफेड संथ पण खात्रीची येऊ लागली, आणि आमच्या पातळीवर बहुतेक गुण प्रतिस्पर्ध्याच्या चुकांवरच मिळत असल्याने तेवढ्यानेही निकाल बदलले. गुणसंख्या तीस-चाळीस असते तेव्हा पकड अजूनही आवळली जाते. त्यावर दोन गुणांच्या मध्ये रॅकेट डाव्या हातात घेऊन उजव्या हाताची बोटे मोकळी करणे हा साधा उपाय सध्या चालू आहे.

जे अजून स्थिर झालेले नाही ते कोर्टाच्या मध्यावर आखूड पडणाऱ्या, खाली राहणाऱ्या चेंडूवरचे फटके. तेथे धावत पुढे जावे लागते, वेळ कमी असतो आणि लांब झोक चालत नाही. जूनमध्ये मातीची कोर्टे बंद झाली की आम्ही शहरातील सिंथेटिक कोर्टावर जातो. तेथे टप्प्यानंतर चेंडूचा वेग मातीइतका कमी होत नाही, त्यामुळे झोक आखूड करण्यावाचून पर्याय राहत नाही. आखूड चेंडूचा सराव करायला ते कोर्ट सोयीचे आहे, म्हणून पाऊस उघडेल त्या सकाळी मार्करांकडून बास्केटने फक्त तेच चेंडू मागून घ्यायचे ठरवले आहे. आधी फोरहँडला, सर्व्हिस लाइनच्या आत, गुडघ्याच्या उंचीवर. बॅकहँडला गणपतीनंतर हात घालू.