शेरर म्हणतो १७, एसईएम म्हणतं ३००: टायटेनियाच्या नॅनोपावडरचा माझा अनुभव

प्रोजेक्टसाठी टायटेनियम डायऑक्साइडचे (म्हणजेच टायटेनियाचे) नॅनोपार्टिकल करायचे होते, सोल-जेलने (आधी सोल म्हणजे बारीक कण तरंगणारा द्रव, त्याचं जेल, मग पावडर). पेपरात ही कृती चार ओळींत उरकलेली असते.

पहिल्याच दिवशी टायटेनियम आयसोप्रोपॉक्साइडमध्ये पाणी थेट ओतलं आणि क्षणात पांढरा चोथा झाला. हा प्रिकर्सर (ज्यापासून टायटेनिया बनतो ते मूळ रसायन) हवेतल्या ओलाव्यालाही सोडत नाही हे ऐकलं होतं, पण स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही ना. मग तो आयसोप्रोपॅनॉलमध्ये घेतला, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घातलं (ते टायटेनियमला धरून ठेवतं, मग हायड्रोलिसिस, म्हणजे पाण्याशी होणारी अभिक्रिया, हळू होतं), पाणी थेंब थेंब सोडलं, तेव्हा कुठे नितळ सोल मिळाला.

जेल वाळवून, खलात घोटून ४५० डिग्रीला दोन तास फर्नेसमध्ये. मध्येच शहाणपणा सुचला की जास्त तापवलं तर क्रिस्टल चांगले होतील, म्हणून एक बॅच ७०० ला टाकली, तर एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) २५.३ डिग्रीच्या अ‍ॅनाटेजशेजारी २७.४ ला रुटाइल हजर (ही दोन्ही टायटेनियाचीच स्फटिकरूपं) आणि पीक अरुंद, म्हणजे क्रिस्टल वाढलेले. ती बॅच गेली.

४५० वालीचे पीक मात्र मस्त रुंद. लगेच शेररचं सूत्र (पीकच्या रुंदीवरून क्रिस्टलचा आकार काढणारं) लावलं, उत्तर ०.२६ नॅनोमीटर! मी खूश. मॅडमनी एवढंच विचारलं, "अगं, अ‍ॅनाटेजच्या युनिट सेलची छोटी बाजूच ०.३८ ची, तुझा क्रिस्टल त्याहून लहान कसा?" पीकची रुंदी ०.५४ डिग्री तशीच ठोकली होती, रेडियन केलंच नव्हतं. केल्यावर १५ आलं, आणि सिलिकॉन स्टँडर्डवरून मशीनची स्वतःची रुंदी वजा केली तेव्हा १७ च्या आसपास.

तरी एसईएममध्ये, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली (आधी सोन्याचं कोटिंग, नाहीतर चार्जिंगने काही दिसत नाही) ३०० नॅनोमीटरची ढेकळंच दिसली. दोन दिवस वाटलं सगळंच चुकलं. पण शेरर क्रिस्टलाइटचा, म्हणजे आतल्या एकेका एकसंध स्फटिकाचा आकार सांगतो, ढेकळाचा नाही. बीईटीत (नायट्रोजन शोषवून पृष्ठभाग मोजायची चाचणी) ८८ चौरस मीटर प्रति ग्रॅम आलं, घनता ३.९ धरून ६००० भागिले दोन्हींचा गुणाकार केला तर कणाचा आकार साडेसतरा नॅनोमीटर. म्हणजे ढेकळं आतून पोकळ-पोकळ, नायट्रोजन बारीक कणांपर्यंत पोचतोय.

आता इथेनॉलमध्ये सोनिकेट करून (अल्ट्रासाउंडने हादरवून) ती ढेकळं किती फुटतात ते टीईएममध्ये (आरपार बघणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) बघायचंय, नंबर लावलाय.