रात्री वाजणारा फोन

रविवार, रात्र. उद्या सकाळी ऑन-कॉल, म्हणजे सर्व्हरमध्ये काही बिघडलं तर रात्री-अपरात्री फोन उचलायची पाळी, पुढच्या माणसाकडे जाईल. त्याला हँडओव्हरमध्ये काय द्यायचं ते लिहिताना मनात आलेलं इथे उतरवतो आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आरोग्यविषयक वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदलेला आहे. गळून गेल्यासारखा थकवा, कामाविषयी कडवटपणा आणि हातून काही धड होत नाही ही भावना, अशी त्याची तीन अंगं. मूळ कामात असेल तर उपायही आधी तिथेच हवा. प्राणायाम जरूर करावा, पण रात्री दोनला विनाकारण वाजणारा अलर्ट त्याने थांबत नाही.

सर्व्हरच्या डिस्कचाच अलर्ट घ्या. ‘८० टक्के भरली’ की फोन वाजतो, माणूस उठतो, बघतो, काहीच करण्यासारखं नसतं. झोप मात्र गेली. त्याऐवजी भरण्याचा वेग बघावा: या वेगाने ४ तासांत भरणार असेल तर फोन वाजू दे, ४ दिवस लागणार असतील तर सकाळी तिकीट पुरे. बऱ्याचदा मूळ कारण लॉग रोटेशन (जुन्या नोंदींच्या फाइल आपोआप काढणं) न लावल्याचं निघतं, आणि ते दिवसाउजेडी अर्ध्या तासाचं काम असतं. प्रत्येक पेजपुढे, म्हणजे फोन वाजवणाऱ्या अलर्टपुढे, वेळ आणि ‘काही करावं लागलं का’ एवढंच लिहायचं. ‘नाही’ असलेले अलर्ट शुक्रवारी बसून काढून टाकायचे किंवा सुधारायचे. हे काम स्प्रिंटमध्ये, म्हणजे टीमच्या ठरलेल्या कामांत, धरलं नाही तर कधीच होत नाही.

झोपेतून उठल्यावर निदान १५-२० मिनिटं डोकं जड असतं. तेवढ्यात प्रॉडवर (लोक वापरत असलेल्या चालू सिस्टिमवर) डिलीट किंवा रिस्टार्ट नको. रनबुकमधल्या (अशा वेळी काय करायचं त्याच्या लिहून ठेवलेल्या पायऱ्यांमधल्या) नुसत्या बघायच्या कमांड आधी, बदल करणाऱ्या नंतर, आणि त्याही सेकंडरीला, म्हणजे जोडीला नेमलेल्या दुसऱ्या माणसाला, फोनवर घेऊन. पहाटे तीनची कॉफी टाळावी, कारण कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात.

झोप, भूक, चिडचिड आठवडे उलटूनही ताळ्यावर येत नसेल तर डॉक्टरांना भेटावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

मॅनेजरकडे मात्र एक गोष्ट ठामपणे मागायची: रात्री पेज आला तर त्याच दिवशी उशिरा सुरुवात, सकाळच्या स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला) न विचारता सुट्टी. पुढच्या महिन्यातल्या कॉम्प-ऑफने (बदली सुट्टीने) आजची झोप भरून निघत नाही.