नदीपट्टी आणि नालापट्टी: रोहिणी ते मघा, कामाची नोंद

वैनगंगेकाठच्या तालुक्याच्या गावात पूर घाटाच्या पायऱ्या चढून क्वचितच येतो. तो मागच्या दाराने, नाल्यातून येतो. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, थोपतं, आणि गावावर थेंब पडत नसतानाही खालच्या वस्तीत गटाराच्या जाळीतून वर येऊ लागतं. चंद्रपुरात इरईचं असंच होतं. वर्धा भरून वाहत असली की इरईला वाट मिळत नाही आणि पाणी शहराच्या सखल भागात पसरतं. म्हणून या हंगामात पाण्याची पातळी मोजायच्या एका पट्टीवर न थांबता दोन पट्ट्या बसवल्या: एक नदीवर घाटाच्या भिंतीला, दुसरी नाल्यावर, तोंडापासून साधारण 400 मीटर आत, रपट्याच्या (ठेंगण्या पुलाच्या) भिंतीला. दोन्हींचं शून्य एकाच पातळीला बांधलेलं आहे. दोन आकड्यांतल्या फरकावरून नाला वाहतोय की तुंबलाय हे कळतं, आणि सगळी तयारी त्या फरकावर उभी आहे.

रोहिणी

पट्ट्या 3 मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या, 15 सेंमी रुंद, मीटर-मीटरचे तुकडे. नदीला 0 ते 9 मीटर, म्हणजे नऊ तुकडे. नाल्याचा तळ उंच असल्याने तिथली पट्टी 3 पासून सुरू होऊन 8 ला संपते, पाच तुकडे. ॲल्युमिनियमवर नुसता ऑइल पेंट धरत नाही, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. आधी पॉलिश पेपर, मग इच प्रायमर, मग पांढऱ्याचे दोन हात, त्यावर काळ्या खुणा. पूर्ण मीटरचा आकडा लाल, बाकीचे काळे. आकडे 6 सेंमी उंच ठेवले, कारण वाचन बहुतेक रात्री, बॅटरीच्या उजेडात आणि दहा-पंधरा मीटरवरून करायचं असतं. प्रत्येक तुकड्याला चार स्टेनलेस अँकर बोल्ट, मागे रबरी वायसर.

पुलाच्या खांबाच्या वरच्या धारेला पट्टी लावू नका. तिथं पाणी आदळून चढतं आणि आकडा जास्त येतो, खांबाच्या पाठीमागे खड्डा पडतो आणि तो कमी येतो. काठालगतची भिंत सगळ्यात बरी. शिवाय खांबावर बेशरमाची झुडपं आणि वाहून आलेली झाडं अडकतात, पट्टी त्यातच वाकते.

शून्य जुळवायला गवंड्याचा लेव्हल पाइप पुरतो. 12 मिमीचा पारदर्शक पाइप, 20 मीटर लांब, दोन माणसं. पाइप नळाला लावून भरू नका, बुडबुडे राहतात. बादली उंचावर ठेवून एका टोकाने सायफनने पाणी ओढा आणि पाइपवर टिचक्या मारत बुडबुडे बाहेर काढा. दर वेळी आधी दोन्ही टोकं शेजारी धरून बघा, पाणी एका रेषेत नसेल तर आत हवा आहे. अर्धा पाइप उन्हात आणि अर्धा सावलीत असला तरी आकडा सरकतो, म्हणून हे काम सकाळी सातच्या आत. घाटापासून रपट्यापर्यंत बावीस-तेवीस टप्पे होतात. तेवढेच टप्पे परत घेऊन मूळ खुणेशी या. फरक 2 सेंमीच्या आत असेल तर चालेल, जास्त असेल तर पुन्हा सगळं.

मृग

पट्ट्यांइतकंच मोलाचं काम म्हणजे उंबरा-यादी, आणि बहुतेक गट नेमकं तेच टाळतात. लेव्हल पाइप घेऊन खालच्या वस्तीतल्या प्रत्येक गल्लीचा सगळ्यात खालचा उंबरा शोधायचा आणि त्याची उंची नालापट्टीच्या आकड्यात लिहायची. मग "पाणी वाढतंय" म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. "नालापट्टी 6.20 झाली की या गल्लीच्या पहिल्या उंबऱ्याला पाणी" असं सांगता येतं. गल्लीच्या तोंडाच्या विजेच्या खांबावर हा आकडा लाल रंगात लिहिला. नगरपंचायत, तलाठी आणि कोतवाल यांच्याकडे यादीची प्रत आहे.

गणित साधं. पट्टी 5.60 वर आहे, तासाला 12 सेंमी चढते आहे, उंबरा 6.20 वर आहे, म्हणजे हातात पाच तास. या पाच तासांत धान माळ्यावर, कागद पिशवीत, जनावरं दावं सोडून उंचावर, गॅसची टाकी बंद करून बांधलेली. न बांधलेली टाकी तरंगत जाते. उंबऱ्याच्या आत मोरीच्या आणि संडासाच्या भोकांना फडक्यात गुंडाळलेली वाळूची पिशवी दाबून बसवायची, कारण घरात पाणी दारातून येण्याआधी तिथून येतं.

आर्द्रा

पाऊस मोजायला 20 सेंमी व्यासाचं नरसाळं आणि खाली पाच लिटरची कॅन. या व्यासाला 1 मिमी पाऊस म्हणजे 31.4 मिलि पाणी. नरसाळ्याची कड जमिनीपासून 30 सेंमी वर ठेवा आणि जवळच्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब बसवा. वाचन सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या दिवसाशी जुळतं. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमी ओलांडले की अतिवृष्टी धरतात. आकडा ऐकायला लहान वाटतो. नाल्याचं पाणलोट 6 चौरस किमी धरा, 65 मिमीतला अर्धाच पाऊस वाहून आला तरी 1,95,000 घनमीटर पाणी होतं. नाल्याचं तोंड नदीने अडवलेलं असेल तर तेवढं पाणी अर्धा मीटर खोलीने 39 हेक्टरवर पसरतं.

नाल्याच्या वर मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे. त्याच्या सलंगच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेच्या, काठाला एक रंगवलेली खुंटी ठोकली आहे. सलंगवरून पाणी पडायला लागलं की तलाव पुढचा पाऊस पोटात घेणार नाही, सगळा नाल्यात येणार. हा इशारा फुकटचा आहे आणि त्याला बॅटरी लागत नाही. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी हे तलाव बांधले तेव्हा पाळ, तुडुम (पाणी सोडायचं दार) आणि सलंग यांचं माप इतकं नेमकं ठेवलं की आजही त्यावर भरवसा ठेवता येतो. फक्त सलंगात कुणी मासे अडवायला जाळी किंवा दगड लावलेले नाहीत हे आधी बघा.

पुनर्वसू

तरण्या पावसात रात्रीच्या वाचनासाठी सेन्सर चढवला. जेएसएन-एसआर04टी हा पाण्यात न बिघडणारा अल्ट्रासॉनिक, ईएसपी32 हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि लांबवर निरोप धाडणारं लोरा रेडिओ मॉड्यूल. लोरा घेताना 865 ते 867 मेगाहर्ट्झचंच घ्या, हा पट्टा आपल्याकडे विनापरवाना खुला आहे. अँटेना म्हणून 8.6 सेंमीची सरळ तार पुरते. सेन्सर रपट्याच्या भिंतीपासून सव्वा मीटर पुढे, 40 मिमीच्या जीआय पाइपवर टांगला आहे.

काय काय चुकलं ते लिहितो, म्हणजे दुसऱ्या गावात तेच पुन्हा होणार नाही.

सेन्सर 4.5 मीटरच्या पलीकडे भरवशाचा नाही आणि 25 सेंमीच्या आत आंधळा आहे. म्हणून उन्हाळ्यातला तळ मोजायचा मोह सोडा. सगळ्यात मोठ्या पुराच्या खुणेवर निदान 50 सेंमी राहील एवढ्या उंचीवर तो लावा, वरचे चार मीटर मोजले तरी बस्स.

आवाजाचा वेग तापमानाने बदलतो. कोडमध्ये 24 अंशांचा वेग ठेवला आणि हवा 32 अंशांची झाली, तर चार मीटरच्या अंतरात साडेपाच सेंमीची चूक होते. 12 सेंमी तासाच्या चढावर ती अर्ध्या तासाची चूक ठरते. डीएस18बी20 हा तापमानाचा सेन्सर सावलीत लावून दर वाचनाला वेग नव्याने काढा: 331.3 अधिक तापमानाची 0.606 पट.

सेन्सरची एको तार (परतीचा सिग्नल देणारी) 5 व्होल्टची आहे, ईएसपी32 ला 3.3 च्या वर चालत नाही. 1 किलोओहम आणि 2 किलोओहमचा व्होल्ट उतरवणारा विभाजक लावा. तो न लावता काही दिवस सगळं नीट चालतं, मग पिन मरते.

सेन्सरच्या आवाजाचा झोत रुंद आहे. भिंत जवळ असली तर सेन्सर पाणी सोडून भिंतच मोजतो, आणि आकडा तासन्‌तास हलत नाही. न हलणारा आकडा दिसला की संशय घ्या. कोळ्याचं जाळंही तसाच घोळ करतं, दर बाजाराच्या दिवशी फडकं फिरवा. अकरा वाचनं घेऊन मधलं धरा, सरासरी धरू नका. जलपर्णीचा एक गठ्ठा खालून गेला तरी सरासरी बिघडते.

पाठराखण म्हणून 110 मिमीच्या पीव्हीसी पाइपमध्ये फ्लोट स्विच, 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची बॅटरी आणि भोंगा. पाण्याला यायला पाइपच्या बुडाशी भोक ठेवलं तर पहिल्याच गढूळ पाण्यात गाळाने बुजतं. तळापासून 15 सेंमी वर 8 मिमीची तीन भोकं पाडा. फ्लोट आठवड्यातून एकदा हाताने उचलून भोंगा वाजवून बघा. सेन्सर फसेल, भोंगा फसेल, पण रंगवलेली पट्टी फसत नाही, म्हणून पट्टीवर माणूस हवाच.

पुष्य

म्हातारा पाऊस संथ लागला, नदी चढली आणि नाला थोपला. दोन्ही पट्ट्या तपासण्याची याहून चांगली वेळ नाही. नदीचं पाणी नाल्यात शिरून स्थिर उभं असतं आणि वरून नाल्याला पूर नसतो, तेव्हा घाटापासून रपट्यापर्यंत पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो. दोन्ही पट्ट्यांवर एकच आकडा दिसायला हवा. रपट्याची पट्टी सतत 1.5 सेंमी जास्त दाखवत होती, तेवढी लेव्हल पाइपची चूक ठरली आणि नोंदवहीत दुरुस्ती लिहिली. निसर्गाने आपण होऊन दिलेला हा पाणसळ आहे.

आता फरकाचं वाचन: नालापट्टी नदीपट्टीपेक्षा 40 सेंमी किंवा जास्त वर असेल तर नाला वाहतो आहे. 10 सेंमीच्या आत आला की थोपायला लागला. शून्य म्हणजे नाला बंद. नदीपट्टीचा आकडा वर गेला तर पाणी उलटं येत आहे, गटारांच्या तोंडाच्या झडपा त्याआधीच मिटलेल्या हव्यात. हे आकडे या नाल्याचे आहेत, तुमच्या नाल्याचे तुम्हाला काढावे लागतील.

वरच्या धरणांचे निरोप वाचताना एकक बघा. संजय सरोवर, पुजारीटोला, धापेवाडा, बावनथडी, गोसेखुर्द यांच्या विसर्गाचे आकडे मोबाइलवर फिरतात, त्यात क्युमेक (सेकंदाला घनमीटर) आणि क्युसेक (सेकंदाला घनफूट) यांची सर्रास सरमिसळ होते. 1 क्युमेक म्हणजे 35.3 क्युसेक. या घोळाने एकदा गाव विनाकारण पळतं आणि पुढच्या वेळी पळायला हवं तेव्हा बसून राहतं. गोसेखुर्दची पूर्ण संचय पातळी 245.50 मीटर आहे आणि भंडाऱ्याजवळ कारधा पुलावर धोक्याची पातळीही 245.50 मीटर. धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांनी आपल्या पट्टीचं शून्य समुद्रसपाटीच्या या मापाशी जोडून घेतलं तर धरणाचा निरोप थेट उंबरा-यादीशी लावता येतो. 2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर मध्य प्रदेशातल्या पावसाने आणि तिथून सोडलेल्या पाण्याने आला होता. आपलं नरसाळं कोरडं आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

आश्लेषा

नाल्यात उतरणाऱ्या दोन गटारांच्या 600 मिमीच्या ह्यूम (सिमेंटच्या) पाइपांना झडपा बसवल्या. पहिली 12 मिमी प्लायची होती, ती वाकली. मीटरभर पाण्याचा दाब एवढ्या तोंडावर सुमारे 280 किलो पडतो, प्लायचं काम नाही. आता 6 मिमी लोखंडी पत्रा, 8 मिमी रबराची कड, बिजागरी वरच्या बाजूला. प्लास्टिकची एक बाटली कडेत अडकली तरी झडप उघडी राहते, म्हणून पाइपच्या आधी दोन मीटरवर 5 सेंमी अंतराच्या सळयांची जाळी लावली आहे. ती रोज झाडावी लागते.

झडप मिटली की गल्लीतलं पावसाचं पाणी आतच साचतं, हे विसरू नका. एक हेक्टर वस्तीवर तासाला 10 मिमी पाऊस म्हणजे सेकंदाला 28 लिटर. 5 अश्वशक्तीचा डिझेल पंप कमी उंचीवर 12 ते 15 लिटर फेकतो. एका हेक्टरला दोन पंप लागतात, तेही पाणी यायच्या आधी चौथऱ्यावर चढवलेले.

सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू निम्म्यापर्यंतच भरा. ठासून भरलेलं पोतं गोल राहतं आणि फटी सोडतं. तोंड बांधण्याऐवजी दुमडून खाली दाबा, विटांसारखे सांधे चुकवा, नदीच्या अंगाला ताडपत्री घालून तिची कड पोत्यांखाली घ्या. 30 सेंमी उंच बांधाला मीटरमागे वीसेक पोती लागतात, 60 सेंमीला साठेक. उंची दुप्पट झाली की पोती तिप्पट होतात, कारण पायथा रुंदावतो.

मघा

पाणी ओसरलं की त्याच दिवशी खुणा घ्यायच्या. भिंतीवर गाळाची रेघ असते, कुंपणाच्या तारेत गवताची लोंबं अडकलेली असतात. पुढची सर आली की रेघ धुऊन जाते. भिंतीची रेघच धरा. तारेतलं गवत पाणी उतरताना लोंबतं आणि खरी पातळी त्याच्या वर असते. रेघेवर खिळा, खिळ्याखाली तारीख, आणि दुसऱ्या दिवशी लेव्हल पाइपने त्याचा पट्टीवरचा आकडा. असे सात खिळे या हंगामात जमले आहेत. त्यातले दोन उंबरा-यादीपेक्षा 9 आणि 11 सेंमी वर निघाले. दोन्ही एकाच गल्लीत, जिथं नव्या सिमेंट रस्त्याने पाण्याची जुनी वाट बंद झाली आहे. त्या गल्लीचे आकडे नव्याने लिहायचे आहेत आणि रस्त्याखालून 300 मिमीचा पाइप टाकायला किती उतार मिळतो ते पूर्वा लागायच्या आत मोजायचं आहे.