फ्लॅट कुठे घ्यावा, असं तुम्ही विचारलंत म्हणून

मुंबई-पुणं सोडून नाशिकला यायच्या विचारात असलेलं कुणी भेटलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच: "तुम्ही इथल्याच, तुम्हाला माहीत असणार. फ्लॅट कुठे घ्यावा?" मी काही इस्टेट एजंट नाही. पण नाशिकरोडच्या जेलरोडला राहून तीस वर्षं गावातल्या सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळच्या, कचेरीत बसने गेले-आले, तेवढ्या भांडवलावर सांगते. फ्लॅट बघायला गाडीने जाऊ नका, बसने जा. आणि रात्री आठच्या सुमाराला बसनेच परत येऊन दाखवा.

यावर लोक हसतात. मग मी त्यांना ट्रामची गोष्ट सांगते.

इंग्रजांनी घातलेली रेल्वे नाशिकला आली खरी, पण गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांबून. स्टेशनवर उतरलेला यात्रेकरू गोदावरीच्या रामकुंडावर पोचायचा कसा? म्हणून १८८९ साली नाशिकरोड स्टेशन ते गावातला मेनरोड अशी ट्राम सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट आणि ओढायला चार घोडे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली, आज तिचा रूळही दिसत नाही. स्टेशनाने मात्र स्वतःभोवती वेगळं गाव जमवलं. १९२०च्या दशकात तिथे नोटा-तिकिटांचे छापखाने आले, त्यांच्या मागून कामगारांच्या वसाहती आणि बिटको चौकातला बाजार. पुढे शहराच्या दुसऱ्या बाजूला सातपूर-अंबडला एमआयडीसी झाली, सिडकोने घरं बांधली. १९८२ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा तीन नगरपालिका मिळून महापालिका झाली. कागदावर शहर एक झालं. प्रत्यक्षात त्याला टाके घातले ते एसटीच्या शहर बसने. नाशिकरोडला घर आणि सातपूरला फर्स्ट शिफ्ट, हे गणित माझ्या शेजारच्या तीन घरांत बसच्या पासावर बसत होतं. त्या घरांपैकी एकाही दारात तेव्हा स्कूटर नव्हती.

२०२१च्या जुलैपासून शहर बस एसटीकडून महापालिकेच्या सिटीलिंककडे आली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. निओ म्हणजे रूळ नसलेली, रबरी टायरवर आणि वरच्या विजेच्या तारेवर चालणारी मेट्रो. गंगापूरहून नाशिकरोडपर्यंत यायची होती. हे लिहीपर्यंत रस्त्यावर तिचा एकही खांब उभा नाही. पण बिल्डरांच्या माहितीपत्रकांवर ती केव्हाच धावायला लागली! 'नियोजित मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटं' असं वाचून घेतलेल्या घरांत माणसं राहायलाही आली. त्यांना मी नावं ठेवत नाही. रूळ किंवा खांब एकदा पडला की उचलून नेता येत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर माणूस वीस वर्षांचं कर्ज काढतो. बसचं तसं नाही. थांब्यावरचा पत्रा काढला की मार्ग संपला. म्हणून बसवर कुणी जमिनीचा भाव ठरवत नाही आणि बस कितीही कामाची असली तरी तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझं म्हणणं कुणाला पटत नाही, तरी सांगते: मला मेट्रोआधी दर दहा मिनिटांनी येणारी बस आणि थांब्यापर्यंत चालता येईल असा फुटपाथ हवा आहे. आग्रा रोडवर उड्डाणपूल झाला तेव्हा वरून जाणाऱ्यांचा वेळ नक्की वाचला. मुंबई नाक्याला रस्ता ओलांडायला खाली उभं राहणाऱ्या म्हातारीचा किती वाचला, ते तिला विचारा.

आणि थांब्यावर नुसती बस मिळत नाही. आमच्या थांब्यावर रोज भेटणाऱ्या चौघींची भिशी झाली. तिथेच एकीच्या मुलीला स्थळ मिळालं. जेलरोडची एक मावशी दर एकादशीला पंचवटीत कीर्तनाला जायची. तिची सोयीची बस बंद झाली तेव्हा मुलगा म्हणाला, रिक्षाने जा. शेअर रिक्षावाला 'शालिमार, शालिमार, एक सीट' असं ओरडत थांबतो, पण मागे तिघांत चौथी कोंबून बसायचं, शालिमारला उतरून पंचवटीसाठी दुसरी रिक्षा बघायची आणि रात्री हेच उलटं. दोनदा गेली. मग म्हणाली, "टीव्हीवर लागतंच की कीर्तन." गुडघे तर तिचे माझ्यापेक्षा बरे होते. अशी माणसं कुठल्याच प्रवासी गणनेत दिसत नाहीत, कारण मोजणारा गाडीत बसलेल्यांनाच मोजतो. आता कुंभ येतोय. घाटाकडे जादा बस सुटतील. पर्वणी झाल्यावरही त्यांतल्या चार बस राहिल्या तर मावशीला निरोप देईन.

माझ्या मामेभावाने हे सगळं ऐकून घेतलं आणि पाथर्डी फाट्याच्याही पुढे घर घेतलं. दोन गाड्यांचं पार्किंग, समोर डोंगर. खोटं कशाला बोलू, घर सुंदर आहे. तो आणि वहिनी सकाळी नऊला एकेक गाडी घेऊन बाहेर पडतात. मामी ऐंशीच्या आहेत, दिवसभर गॅलरीत बसतात. परवा त्यांचा फोन आला होता. तुमच्या जेलरोडला यायला इथून कुठली बस, आणि मध्ये बदलावी लागते का, असं विचारत होत्या.