अर्धी वाटी मीठ

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा, असा निरोप आला आणि मी लगेच ‘होय की’ म्हणून टाकलं. लिहायला बसलो तर शाळा आठवायच्या ऐवजी केमिस्ट्रीचे सरच आठवायला लागले. त्यांचं नाव लिहीत नाही. आपल्याकडं नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण ते कळतं. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये, त्यांच्यावर दुसरं कुणी लिहीलच.

दहावीपर्यंत मराठीत शिकलेली आम्ही पोरं पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजीत जाऊन पडलो. पुस्तकातला ‘युनिट सेल’, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा अणूंचा सगळ्यात लहान ठोकळा, सरांच्या तोंडून ‘खण’ होऊन यायचा. “तुमचं घर किती खणी रे? तसंच हे मिठाचं घर. एका खणात बिऱ्हाडं किती, ते आधी मोजा.” कोपऱ्यातला अणू आठ खणांच्या वाट्याचा, कडेवरचा चौघांचा, भिंतीवरचा दोघांचा, मधला एकट्याचा. असा हिशेब केला की सोडियमचे चार आणि क्लोरीनचे चार. एवढं मला जमलं, म्हणून पुढचं गणित सोडवायला सरांनी मलाच फळ्याकडं बोलावलं.

मिठाची घनता काढायची होती. सोडियम-क्लोरीनच्या एका जोडीचं वस्तुमान ५८.४४, गुणिले ४, म्हणजे २३३.७६. खणाची बाजू ५६४ पिकोमीटर. तिचे सेंटिमीटर करायला मी विसरलो नाही, त्याचीच ऐट जास्त. घन केला, लॉग टेबल काढून भागाकार केला. उत्तर आलं दर घनसेंटिमीटरला १.३ गुणिले १० चा २४ वा घात, इतके ग्रॅम. खाली दोन रेघा ओढल्या.

सरांनी चूक म्हटलं नाही. विचारलं, “चंद्राचं वस्तुमान किती?” कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनीच लिहिलं: ७.३५ गुणिले १० चा २२ वा घात किलो. “आता ह्याला तुझ्या उत्तरानं भाग बघू.” किलोचे ग्रॅम करून भागलं. साधारण छप्पन्न घनसेंटिमीटर.

“म्हणजे अर्धी वाटी मीठ घेतलं की एक चंद्र. तुझ्या आईनं आमटीत चिमूटभर टाकलं तर चुलीसकट घर खचंल की मर्दा!”

वर्ग खिदळला. माझे कान तापले. मग सरांनी २३३.७६ वर बोट ठेवलं. “हे काय? ग्रॅम?” मी म्हटलं, होय. “चार-आठ अणू पावशेर भरतात होय? हे यू आहेत, अणूंचं वस्तुमान मोजायचं माप. अणूंच्या राज्यातलं नाणं. ग्रॅमच्या राज्यात यायचं तर नाक्यावर बदलून घ्यायला पाहिजे.” एक यू म्हणजे १.६६०५ गुणिले १० चा उणे २४ वा घात ग्रॅम. त्यानं गुणलं आणि उत्तर निमूट २.१६ वर आलं.

दुसऱ्या दिवशी मी जास्तच शहाणा झालो. यूनं गुणलं आणि वर ॲव्होगाड्रोच्या संख्येनं, म्हणजे ६.०२२ गुणिले १० च्या २३ व्या घातानं, भागलंही. सर म्हणाले, “नाक्यावर दोनदा पैसे भरलास. १ ला ६.०२२ गुणिले १० च्या २३ व्या घातानं भागून बघ.” भागलं तर तेच १.६६ निघालं. दोन्ही पावत्या एकाच नाक्याच्या! नुसतं पाठ केलेलं काहीतरी समजलं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आज मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कास्टिंगची तपासणी बघतो. शुद्ध लोखंडाचा खण मोजला तर घनता ७.८८ येते, पण आमचं ओतीव लोखंड, ग्रे आयर्न, ७.२ च्या आसपास भरतं, कारण आतल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांना वजन कमी आणि जागा भरपूर. नवी पोरं सॉफ्टवेअरचा आकडा वाचून मोकळी होतात. मी विचारतो, “चंद्र तर आला नाही ना?” त्यांना ते काय ते कळत नाही, पण आकडा पुन्हा बघतात.

मध्यंतरी भाचीचं बारावीचं एनसीईआरटीचं केमिस्ट्रीचं पुस्तक चाळलं. पहिला धडा थेट द्रावणांचा. २०२३ च्या आवृत्तीतून हे खण मोजायला शिकवणारा घन अवस्थेचा धडा काढून टाकलेला. ओझं कमी केलं म्हणतात. पोरांच्या पाठीवरचं दप्तर काही हलकं झालेलं दिसलं नाही.

सर, एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. बोर्डाच्या पेपरात हेच गणित आलं होतं, पण लोखंडाचं. यू बदलून घेतले, तेही एकदाच. आणि मिठाच्या नादात बिऱ्हाडं चार धरली. लोखंडाच्या खणात दोनच असतात. उत्तर आलं १५.७६, म्हणजे पाऱ्यापेक्षा जड लोखंड. खाली दोन रेघा ओढल्या आणि पेपर देऊन आलो. तुम्ही गेटवर विचारलंत, “कसा गेला?” मी म्हटलं, “मस्त, सर.”