तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णा हॉलमध्ये का झोपतात

दोन बेडरूमचं घर, आणि म्हातारा माणूस हॉलमध्ये? तुम्ही सगळेच विचारता. काही जण तोंडावर, काही जण चहा पिताना आधी अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, कॉटकडे आणि मग माझ्या बंद दाराकडे बघून. नणंद फोनवर विचारते, अण्णांचा बीपी विचारून झाला की. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी सोपी उत्तरं. ऑफिसला गाळा का घेत नाही? ठाण्यात राम मारुती रोडला नाहीतर गोखले रोडला जाऊन भाडं आणि डिपॉझिट विचारून या, मग बोलू. मी हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहिते. त्याचे किती मिळतात हे तुमच्यातल्या कमिटीवाल्यांना पक्कं ठाऊक आहे, घासाघीस तेच करतात. डायनिंग टेबलावर का नाही? करतच होते की. 31 जुलैच्या आत ऑडिट, 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, म्हणजे एप्रिल उजाडला की टेबलावर लोकांची व्हाउचरं आणि आम्ही जेवायला खाली. शिवाय ते कागद माझे नाहीत. कुणाचा मेंटेनन्स किती थकलाय, कुणाला नोटीस गेलीये, हे सगळं आमटीच्या पातेल्याशेजारी उघडं. आल्यागेल्याची नजर जायचीच. त्याला दार हवं आणि दाराला कुलूप हवं.

सोसायटीला चालतं का, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते की राहत्या घरात रहिवाशाला स्वतःच्या व्यवसायाचं ऑफिस 50 चौरस मीटरपर्यंत ठेवायला राज्याची विकास नियमावली मुभा देते. माझी खोली 10 चौरस मीटरसुद्धा भरत नाही. आणि सोसायटीचे बायलॉज मला शिकवू नका, मी त्यांचंच खाते.

आता खरं उत्तर.

सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर घ्यायची सक्ती नाही. माझी त्याच्या जवळपासही नाही. पण तेव्हा एका कंपनीचं काम येत होतं, आणि त्यांना जीएसटीचंच बिल हवं होतं. अर्ज केला. व्यवसायाची जागा म्हणून हाच पत्ता, पाचपाखाडीचा. घर अण्णांच्या नावावर, लाइट बिल अण्णांच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतीपत्र जोडायचं होतं. त्यांनी चष्मा न लावता सही केली. वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणाले, "तू आणलंयस म्हणजे बरोबरच असणार."

खोली तेव्हा अण्णांची होती. त्यांच्या कॉटच्या पायथ्याशी माझं नवं टेबल लावलेलं. टेबल आणि कॉट यांच्यामध्ये खुर्ची मागे सरकवली की ती कॉटला आपटायची. भिंतीत एकच प्लग पॉइंट, तोही त्यांच्या उशाशी, म्हणून केसिंग-पट्टी फिरवून वायर इकडे आणलेली.

जागेच्या पडताळणीला एक अधिकारी आले. दुपारची वेळ होती, अण्णा आडवे झालेले. साहेब उर्मट नव्हते, हे सांगायला हवं. चपला बाहेर काढून आत आले. "व्यवसाय इथूनच चालतो?" त्यांनी मला विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "धंदा कसला साहेब, सून घरीच असते."

अण्णांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात गेली. भोंगा, डबा, कार्ड पंच करणं, ते काम. मी दिवसभर त्यांच्या पायाशी बसून लॅपटॉपवर काय करते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मला वाटतं, सरकारी माणूस बघून ते मला वाचवायला बोलले, उगाच टॅक्स मागे लागायला नको म्हणून. मला तसं वाटतं. ते स्वतः काही बोललेले नाहीत.

मग फोटो. साहेबांनी मोबाइल वर धरला, मागे सरकले, दाराला टेकले. फ्रेममध्ये टेबल बसेना. "आजोबा, पाय येतायत. जरा जवळ घेता?"

अण्णांचा उजवा गुडघा ऑपरेशन झाल्यापासून पूर्ण दुमडत नाही. त्यांनी पोटरीखाली दोन्ही हात घातले आणि पाय ओढून घेतला. चादर खाली घसरली. पहिला फोटो हलला, म्हणून साहेबांनी दुसरा काढला. तोवर अण्णा पाय तसाच हातांत धरून, भिंतीकडे तोंड करून बसलेले. आणि मी? टेबल नीट दिसावं म्हणून खुर्ची बाजूला घेतली.

पुढे पोर्टलवर नोटीस आली. जागेवर व्यवसाय चालू असल्याचं आढळलं नाही, खुलासा करा, मुदत कामाचे सात दिवस. मी ती जेवताना नवऱ्याला वाचून दाखवली. अण्णांनी हात धुतले आणि म्हणाले, "कॉट बाहेर घ्या." कुणी कशाला म्हणून विचारलं नाही. त्याच रात्री कॉट बाहेर आली, दुसऱ्या दिवशी नवे फोटो जोडले, नंबर मिळाला.

त्या कंपनीचं काम पुढे बंद झालं. नंबर राहिला, रिटर्नं भरणं चालू राहिलं.

नंबर आल्यावर कॉट परत आत नेता आली असती, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. तेव्हाची मी त्यावर लगेच सांगते की हॉलमधून बाथरूम जवळ पडतं, त्यांना टीव्ही दिसतो, रात्री खोकला लागला तर आम्हाला ऐकू येतं. सगळं खरं आहे. पण ही कारणं कॉट बाहेर आल्यानंतर सापडली, आधी नाही. बरं, आत नेली असती तर पुन्हा कुणी बघायला आल्यावर काय? पाय पुन्हा जवळ घ्या म्हणायचं? इथे येऊन तेव्हाची मी आणि आताची मी, आम्ही दोघी थांबतो.

आणि एसीचंही विचाराच. घरातून छोटं ऑफिस चालवलं तरी महावितरणचा घरगुती दर लागतो, पण महिन्याला 300 युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात 3600 युनिट, याच्या आत राहिलात तर. म्हणून घरात एसी एकच, आणि तो हॉलमध्ये आहे. मे महिन्यात मी ओला नॅपकिन मानेवर टाकून ताळेबंद जुळवते. हे कुणाच्या नजरेत येत नाही, दार बंद असतं ना.

नणंदेला अण्णांनी सांगितलं की मला बाहेर काढलं. मला विचाराल तर, परवा व्हाउचर द्यायला आलेल्या सेक्रेटरींना ते म्हणाले, "आत जा, ऑफिस आत आहे, मॅडम बसल्यात." दोन्ही मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. यातलं खरं कुठलं, ते त्यांनाच विचारा. फक्त दोन ते चार येऊ नका, ते झोपलेले असतात. तेव्हा हॉलमधून पाणी प्यायला जायचं तर मीसुद्धा थांबते.