लो-कार्बवर असताना मांसच नकोसं झालं तेव्हा

गेल्या वर्षी रिपोर्टमध्ये एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ६.२ आलं, म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर, आणि डॉक्टरांशी बोलून मी लो-कार्ब, म्हणजे कार्ब्स (कर्बोदकं) कमी असलेलं खाणं, सुरू केलं. दिवसाला साधारण ५० ग्रॅम कार्ब्स असं ठरलं. मला साखरेची गोळी वगैरे काही सुरू नव्हती म्हणून ते सोपं गेलं. ज्यांना इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र हे स्वतःच्या मनाने अजिबात करू नका, कार्ब्स कमी केले की तोच डोस जास्त होतो आणि शुगर धाडकन खाली जाऊ शकते.

पहिले चार-पाच आठवडे मस्त गेले. माझी पद्धत ठरलेली, रविवारी एकदम दीड किलो चिकन ब्रेस्ट उकडून ठेवायचं, डबे भरायचे, आणि आठवडाभर दुपारी तेच रात्री तेच, सोबत काकडी नाहीतर कोबी. तेल जवळजवळ नाहीच, कारण वर्षानुवर्षं डोक्यात बसलेलं की फॅट वाईट. मग सहाव्या आठवड्यात पोट बिघडलं. चिकनमुळे नाही, घरात सगळ्यांनाच एकापाठोपाठ एक झालं होतं, पण त्या रात्री माझ्या पोटात चिकन होतं आणि रात्रभर उलट्या झाल्या. दोन दिवसांनी बरं वाटलं म्हणून डबा मायक्रोवेव्हमधून काढला, झाकण उघडलं, आणि तो वाफेबरोबर येणारा वास नाकात गेला तशी मी डबा तसाच ओट्यावर ठेवून बाहेर बाल्कनीत जाऊन उभी राहिले. तोंडाला पाणी सुटलं होतं, पण ते मळमळीचं पाणी.

मी हट्टी आहे. दुसऱ्या दिवशी परत बसले. एक तुकडा तोंडात घातला आणि तो घास नुसता तोंडात फिरत राहिला, चावते आहे चावते आहे, दोरे दोरे होतायत, पण खाली उतरेना. नवरा म्हणाला अगं नको खाऊस, पण मला वाटलं मी सोडलं तर सगळं डाएटच संपलं. असं मी आठ दिवस जबरदस्ती केली. ही माझी सगळ्यात मोठी चूक, कारण त्या आठ दिवसांत चिकनचा तिटकारा मटणावरही गेला, मग कच्च्या मांसाच्या वासावरही, शेवटी फ्रिज उघडायला नको वाटायला लागलं.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही. १९५५ साली जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना गोड पाणी दिलं आणि त्याच वेळी आजारी पाडणारं रेडिएशन दिलं, आणि नंतर ते उंदीर त्या गोड पाण्याला टाळायला लागले. आजारी पडण्याआधी जे खाल्लं ते शरीर लक्षात ठेवतं, कधीकधी एकदाच तसं झालं तरी, आणि दोष त्या पदार्थाचा नाही हे आपल्याला पक्कं माहीत असलं तरी फरक पडत नाही. हे वाचून मला खरंच रडू आलं, इतके दिवस मी स्वतःवरच चिडत होते.

दुसरं एक कारण मात्र माझ्या ताटातच होतं. विल्ह्यालमुर स्टेफान्सन नावाचे आर्क्टिकमध्ये फिरलेले संशोधक होते, त्यांनी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या देखरेखीखाली फक्त मांस खाऊन राहायचा प्रयोग सुरू केला. सुरुवातीला त्यांना मुद्दाम चरबी काढलेलं मांस दिलं तर दोन-तीन दिवसांतच मळमळ आणि जुलाब सुरू झाले, आणि चरबीवालं मांस दिल्यावर ते बरे झाले. प्रोटीन पचवायची शरीराची एक मर्यादा असते, त्यातून ऊर्जा काढत बसलं की शरीर नको म्हणतं. माझं तर कार्ब्सही कमी आणि फॅटही कमी, मग उरलं काय, नुसतं कोरडं प्रोटीन! मला चिकनचा कंटाळा आला असं मी म्हणत होते पण त्या जेवणात पोट भरायला दुसरं काही नव्हतंच.

आणि तो वास. शिजवून फ्रिजमध्ये ठेवलेलं मांस परत गरम केलं की त्यातल्या फॅटचं ऑक्सिडेशन होऊन तो शिळा, पुठ्ठ्यासारखा वास येतो. ताज्यात तो नसतो. मी रोज दोनदा तोच हुंगत होते.

मग मी मांस पूर्ण बंद केलं. पण इथेही आधी गडबड केली, चार-पाच दिवस चीज आणि सुकामेवा यावरच काढले. काजू मूठमूठ खात होते, आणि १०० ग्रॅम काजूत फायबर वजा करूनही २५ ग्रॅमच्या वर कार्ब्स असतात, बदामात साधारण १०. डोकं दुखायचं, पोट साफ होईना. शेवटी डायटिशियनकडे गेले. त्यांनी एक कागद घेतला आणि म्हणाल्या, मांस बाजूला ठेवा, आधी तुम्हाला प्रोटीन किती लागतं ते बघू. वजन ६८ किलो, किलोला किमान ०.८ ग्रॅम, म्हणजे ५४ च्या आसपास. तीन अंडी १८, ग्रीक योगर्टची (पाणी काढलेल्या घट्ट दह्याची) एक मोठी वाटी १७, घट्ट टोफू (सोयाबीनचं पनीर) दीडशे ग्रॅम साधारण १८. झाले की ५३! मी त्या कागदाकडे बघतच राहिले. एवढ्यासाठी मी आठ दिवस ते दोरे चघळत होते. वरून अर्धी वाटी शिजवलेल्या मसूरालाही जागा निघाली, त्यात फायबर सोडून बारा-एक ग्रॅम कार्ब्स, म्हणजे ५० मध्ये आरामात. शिवाय ऑलिव्ह ऑइल, अव्होकाडो, लोणी हे न घाबरता घ्या म्हणाल्या, आणि पाणी-मीठ कमी पडू देऊ नका, सुरुवातीची डोकेदुखी बऱ्याचदा त्यामुळे असते. आयर्न आणि बी१२ तपासून घ्यायला सांगितलं, ते ठीक निघालं.

एक गोष्ट त्यांनी नीट विचारली ती इथे सांगते. लाल मांस खाल्ल्यावर काही तासांनी अंगावर पित्त उठतं का, श्वास लागतो का. गोचीड चावल्यानंतर काही जणांना लाल मांसाची अॅलर्जी होते आणि ती तीन ते सहा तासांनी दिसते म्हणून पटकन लक्षात येत नाही. गरोदरपण, नवीन सुरू झालेली औषधं हेही विचारलं. माझं यातलं काही नव्हतं, पण तुमचा तिटकारा अचानक आला असेल तर हे आधी बघून घ्या.

दोन महिने मी मांसाला हात लावला नाही. मग हळूच सुरुवात केली ती माशाने, तीही थंड, कारण थंड पदार्थाचा वास कमी उठतो. टूना अंड्यात कालवून, वर भरपूर लिंबू. ते गेलं. मग दोन चमचे खिमा ऑम्लेटमध्ये, तो चावावा लागत नाही. शिजवायचं नवऱ्याने, मी तेव्हा दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या. नको वाटलं की तिथेच थांबायचं, हे आम्ही दोघांनी ठरवलेलं, आणि त्याने ते पाळलं, एकदाही अजून थोडं खा म्हणाला नाही.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ५.८ आलं, आणि त्यातल्या बऱ्याचशा दिवसांत मी मांस खाल्लंच नव्हतं. आता आठवड्यातून एक-दोनदा मासे, कधी खिमा, बाकी अंडी, दही आणि टोफू. चिकन ब्रेस्ट अजूनही नाही. परवा बहिणीने चिकनच्या मांडीचा भाग भरपूर लोण्यात ताजा परतून दिला, दोन घास चांगले लागले, तिसरा हातात घेतला आणि परत ताटात ठेवला, ती काही बोलली नाही, तिने दह्याची वाटी पुढे सरकवली.